ठरत नाही, आणि ठरलं तर टिकत नाही

इंदूरच्या वाचकांकडून या वेळी आलेल्या पत्रांचे दोन ढीग झाले. एकात निर्णयच होत नाही, दुसऱ्यात निर्णय होतो पण पंधरा दिवसांत विरतो. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत, म्हणून उत्तरंही वेगळी दिली आहेत. ज्या पत्रांत आकडे होते त्यांना आकड्यांनीच उत्तर दिलं आहे.

प्रश्न : वय २३, बी.कॉम. झाले, सुदामानगरला राहते. बाबा म्हणतात बँकेच्या परीक्षा दे, मामा म्हणतो सीए कर, आणि माझं मन एमपीपीएससीकडे (मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाच्या परीक्षेकडे) ओढतं. वर्ष झालं. तिन्हींची पुस्तकं घरात आहेत, भंवरकुआँला दोन कोचिंगचे डेमो क्लासही केले. रात्री एक ठरवते, सकाळी उठले की ते बदललेलं असतं.

उत्तर : वर्षभरात तुम्ही विचार भरपूर केला, पण त्या विचारांना नवी माहिती मिळाली नाही. तीन कल्पना एकमेकींशी ताडून पाहताय, आणि कल्पना रोज रंग बदलते. डेमो क्लासमधून सर कसे शिकवतात एवढंच कळतं. तुम्ही त्या विषयाला रोज किती वेळ बसाल, हे तिथे कळत नाही. तेच आता शोधायचं आहे, आणि त्याला महिना पुरतो.

आजपासून तिसावा दिवस कॅलेंडरवर लाल पेनाने गोल करा आणि ती तारीख घरात सगळ्यांना सांगा. त्या दिवसापर्यंत मामांशी, बाबांशी या विषयावर वाद नाही. फक्त प्रयोग.

पहिल्या दोन-तीन दिवसांत बाबांसोबत बसून दोन आकडे कागदावर घ्या : घर तुम्हाला किती महिने थांबू शकतं आणि त्यासाठी किती रुपये बाजूला काढता येतील. समजा २४ महिने आणि सव्वा लाख निघाले. या आकड्यांनी अर्धा गुंता सुटतो. बी.कॉम.ला ५५ टक्के असतील तर सीएच्या फाउंडेशनमधून सूट मिळून थेट इंटरमिजिएटला बसता येतं. पण पुढे दोन वर्षांची आर्टिकलशिप (सीएच्या हाताखालची उमेदवारी) आणि फायनल आहेच, म्हणजे २४ महिन्यांत तो रस्ता संपत नाही. आर्टिकलशिपमध्ये थोडं विद्यावेतन मिळतं, तेही हिशेबात धरा. एमपीपीएससीत प्री (पूर्वपरीक्षा), मेन्स (मुख्य लेखी परीक्षा), मुलाखत अशा तीन पायऱ्या आणि एका फेरीला वर्षाहून जास्त लागू शकतं, म्हणजे २४ महिन्यांत दोनच प्रयत्न धरून चाला. बँकेच्या परीक्षा लवकर आटोपतात. जो रस्ता मर्यादेत बसत नाही, त्यासाठी एक तर मर्यादा वाढवून घ्या, नाही तर तो आजच यादीतून काढा. 'बघू पुढे' म्हणून ठेवू नका, कारण मन त्याच फटीतून पळ काढतं.

मग २१ दिवस प्रयोग. प्रत्येक रस्त्याला ७ दिवस, रोज ३ तास, तेच टेबल, तीच वेळ. एमपीपीएससीच्या आठवड्यात नुसते बहुपर्यायी प्रश्न सोडवू नका, रोज मेन्सच्या धर्तीची दोन उत्तरं हाताने लिहा. प्रीचे प्रश्न गोड वाटतात, माणसं लिखाणाला कंटाळतात. सीएच्या आठवड्यात अकाउंट्सचा एक आणि कायद्याचा एक धडा घ्या. बँकेच्या आठवड्यात घड्याळ लावून रीझनिंग आणि आकडेमोड. रोज रात्री तीनच नोंदी : प्रत्यक्ष किती मिनिटं बसलात, किती वेळा उठलात, आणि 'उद्या परत बसावंसं वाटतं का' याला १ ते ५ गुण. आठवड्याच्या शेवटी प्रत्येकाचे पहिले दोन दिवस काटून टाका. नव्याची नवलाई तेवढीच टिकते, खरं चित्र तिसऱ्या दिवसापासून दिसतं.

उरलेल्या दिवसांत तोलणी. बेंजामिन फ्रँकलिनने १७७२ मध्ये एका मित्राला पत्रातून हीच युक्ती कळवली होती : कागदाचे दोन भाग करायचे, तीन-चार दिवस सुचेल तशी बाजूची-विरुद्धची कारणं लिहायची, सारख्या वजनाची कारणं एकमेकांसमोर काटायची. तुमच्याकडे तीन पर्याय आहेत, म्हणून थोडा बदल करा. चार-पाच निकष घ्या (कामाची आवड, लागणारा काळ, खर्च, घराजवळ राहता येणं, पुढची वाढ) आणि १०० गुण त्यांच्यात वाटा. मग प्रत्येक पर्यायाला प्रत्येक निकषावर १० पैकी गुण, गुणाकार, बेरीज. कमाल १,००० होते.

ही तोलणी तीन ठिकाणी फसते. उत्तर पाहून माणूस मागे जाऊन निकषांचं वजन बदलतो, म्हणून वजनं आधी लिहून त्या कागदावर आईची सही घ्या. 'नोकरीची खात्री' आणि 'स्थैर्य' असे जुळे निकष घातले की एकच गोष्ट दोनदा मोजली जाते. आणि सगळ्यांना सात-आठ गुण दिले की फरकच पडत नाही, तेव्हा प्रत्येक निकषावर कुणाला तरी ४ किंवा त्याहून कमी मिळालेच पाहिजेत.

पहिल्या दोघांत ५० गुणांहून कमी अंतर राहिलं तर ते दोन्ही तुमच्यासाठी सारखेच चांगले आहेत असं समजा, आणि प्रयोगात जिथे जास्त मिनिटं बसलात तो घ्या. तिथेही बरोबरी झाली तर चिठ्ठी टाका. हे गंभीरपणे सांगतो आहोत. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ स्टीव्हन लेविट यांनी अडकलेल्या हजारो लोकांना नाणेफेकीवर निर्णय घ्यायला लावलं होतं. नाण्याने 'बदल कर' असा कौल दिलेले लोक सहा महिन्यांनी 'आहे तसंच राहू दे' असा कौल मिळालेल्यांपेक्षा जास्त समाधानी निघाले.

निर्णयाच्याच दिवशी थांबण्याची रेषाही लिहा. उदाहरणार्थ : 'दोन प्रयत्न. दुसऱ्यात प्री निघाली नाही तर बँकेकडे वळेन.' ही रेषा आज डोकं थंड असताना आखली नाही, तर दोन वर्षांनी 'इतकी मेहनत घेतली, आता कसं सोडू' हे वाक्य निर्णय घेईल. भंवरकुआँच्या अनेक खोल्यांतून चौथा-पाचवा प्रयत्न याच वाक्यावर चालू असतो.

प्रश्न : वय २९, सॉफ्टवेअरमध्ये आहे, आईबाबांसोबत रामबागेत राहतो. इथे हातात ६२,००० येतात, पुण्याच्या ऑफरमध्ये ८८,००० येतील. दहा दिवसांत कळवायचं आहे. आतापर्यंत चौदा जणांना विचारलं : सात म्हणाले जा, सात म्हणाले नको जाऊ.

उत्तर : पंधराव्याला विचारू नका. मत विचारलं की माणूस स्वतःची आवड सांगतो. इंदूरहून पुण्याला गेलेल्या दोन आणि जाऊन परत आलेल्या एकाला गाठा आणि फक्त अनुभव विचारा : पहिल्या तीन महिन्यांत किती खर्च झाला, घरी किती वेळा येणं जमलं, कामात नवं काय शिकायला मिळालं, आणि घरी कोणी आजारी पडलं तेव्हा काय केलं.

आता २६,००० चा हिशेब. एकट्यासाठी भाडं १८,००० धरलं, जेवण आणि कामवाल्या मावशी ८,०००, वीज-गॅस-इंटरनेट २,५००. महिन्यातून दोन फेऱ्या इंदूरला, स्लीपर बसचे एका बाजूचे १,५०० म्हणजे ६,०००. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन व्हायचंय असं तुम्ही लिहिलंय, तेव्हा घरी मदतीला बाई लावली तर ५,०००. बेरीज ३९,५००. इथला पेट्रोल-डब्याचा खर्च वाचेल तो ४,००० वजा करा : ३५,५००. म्हणजे पगार २६,००० नी वाढतो आणि खर्च ३५,५०० नी, महिन्याला साडेनऊ हजारांचा खड्डा. आमचे आकडे अंदाजाचे आहेत. तुम्ही जिथे राहणार त्या भागातलं भाडं विचारून स्वतःचे घाला. दुसऱ्या कुणाबरोबर घर वाटून घेतलंत तर खड्डा जवळजवळ भरून निघेल, पण हातात जास्तीचं फारसं उरणार नाही.

तेव्हा 'पगार जास्त' हे कारण यादीतून निघालं. उरतो एकच प्रश्न : तिथलं काम दोन वर्षांत तुम्हाला असं काही शिकवेल का, जे इंदूरच्या कंपनीत शिकता येणार नाही? हे एचआरला विचारून कळणार नाही. ज्यांच्या हाताखाली काम करायचं त्यांच्याशी अर्ध्या तासाचा कॉल मागा आणि पहिल्या सहा महिन्यांत नेमकं कोणतं काम देणार ते विचारा. गोलमोल उत्तर आलं तर ऑफर नाकारा. ठोस उत्तर आलं तर कंपनीकडे दोन गोष्टी लेखी मागा : रुजू होण्याची तारीख आईच्या ऑपरेशननंतर सहा आठवड्यांनी, आणि महिन्यातला एक आठवडा घरून काम. विचारण्यात काही जात नाही, आणि त्या कंपनीची पद्धतही त्यातून कळते.

निर्णय झाला की तो किमान सहा महिने उघडायचा नाही. हार्वर्डमध्ये डॅनियल गिल्बर्ट आणि जेन एबर्ट यांनी फोटोग्राफी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना आपल्या दोन छायाचित्रांतून एक ठेवायला सांगितलं. काहींना नंतर बदलायची मुभा होती, काहींना नव्हती. मुभा असलेल्यांना आपलं छायाचित्र कमी आवडलं, आणि तरीही विचारल्यावर बहुतेकांना मुभाच हवी होती. मन वळण्याची वाट उघडी असेपर्यंत माणूस निवडलेल्या गोष्टीत रुळत नाही. नकार कळवलात तर त्या कंपनीचे मेलही एका वेगळ्या फोल्डरमध्ये टाकून द्या.

प्रश्न : वय ४६, गृहिणी. गांधर्व महाविद्यालय मंडळाची 'मध्यमा पूर्ण' ही गायनाची परीक्षा लग्नाआधी झाली होती. आता त्यापुढच्या विशारदला बसायचं आहे. दर महिन्याला पहिल्याच दिवशी दीड तास बसून रियाजाला सुरुवात करते, चौथ्या-पाचव्या दिवशी खंड पडतो आणि मग सगळंच सुटतं.

उत्तर : ताई, तुमच्या पत्रात 'वेळ मिळाला की बसते' हे वाक्य तीनदा आलं आहे. भरल्या घरात वेळ मिळत नसतो. रियाजाला घड्याळाऐवजी रोज न चुकता होणाऱ्या एखाद्या घटनेला बांधा.

जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलवित्झर यांनी १९९० च्या दशकात हे नेमकेपणाने मांडलं : 'मी रियाज करीन' असा संकल्प कच्चा राहतो, 'अमुक झालं की तमुक ठिकाणी तमुक करीन' असं जर-तर स्वरूपात बांधलं की तो पाळण्याची शक्यता बरीच वाढते. तुमचं वाक्य असं असू शकेल : 'सकाळचे डबे गेले आणि ओटा पुसला की मागच्या खोलीत, दार लावून, फोनवरचा तानपुरा सुरू करीन.' घटना, जागा आणि पहिली हालचाल, तिन्ही त्यात हवं. तानपुरा सुरू झाला की पुढचं आपोआप ओढलं जातं. त्या वेळी फोन फ्लाइट मोडवर ठेवायला मात्र विसरू नका.

वेळ सुरुवातीला फक्त १५ मिनिटं : ५ मिनिटं खर्ज (खालचे सूर), ५ मिनिटं दोन अलंकार, ५ मिनिटं एकाच रागाचे आलाप. मोह झाला तरी पहिले दहा दिवस यापुढे जायचं नाही. तुमचा खंड चौथ्या दिवशी पडतो याचं कारण पहिल्या दिवशीचा दीड तास हे आहे. वर्षांनुवर्षं न वापरलेला गळा बसतो, दुसऱ्या दिवशी आवाज खरखरतो, तिसऱ्या दिवशी घरातली कामं साठलेली असतात. दहा दिवसांनी २५ मिनिटं, महिन्याने ४०. विशारदचा बडा ख्याल विलंबितात (संथ लयीत) मांडायला सलग अर्धा तास हवाच, पण तो दुसऱ्या महिन्यात.

खंड पडणारच. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांच्या २०१० मधल्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला लागलेल्या काळाचा मधला आकडा ६६ दिवस होता, पण माणसागणिक तो १८ पासून २५४ पर्यंत हलला. एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात विशेष फरक पडला नाही, हे त्यांना दिसलं. तुमच्यासाठी महत्त्वाचं हेच आहे. 'सगळंच सुटतं' ते एका दिवसाच्या चुकण्यामुळे सुटत नाही, त्या दिवशी मनाने जो निकाल दिला त्यामुळे सुटतं. म्हणून नियम असा : लागोपाठ दोन दिवस चुकवायचे नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी बसणं अशक्यच असेल तर उभ्याउभ्या तीन मिनिटं नुसता षड्ज (सा) लावायचा. तेवढंही वहीत लिहायचं.

गणपतीचे दहा दिवस, दिवाळीचा आठवडा आणि रंगपंचमीच्या गेरचा (रंगांच्या मिरवणुकीचा) दिवस आधीच वहीत 'तीन मिनिटांचे दिवस' म्हणून लिहून ठेवा. पाहुण्यांनी भरलेल्या घरात पूर्ण रियाजाची अपेक्षा ठेवली की अपराधी वाटतं आणि माणूस पुढचे पंधरा दिवस वही उघडत नाही. गांधर्व मंडळाच्या परीक्षा वर्षातून दोन सत्रांत होतात. येणारं सत्र सोडा, त्यापुढच्याचा फॉर्म भरा आणि पावती रियाजाच्या जागी समोर चिकटवा.

प्रश्न : पीथमपूरला कारखान्यात सुपरवायझर आहे, वय ३८. कंपनीच्या बसने जाऊन-येऊन दोन तास जातात. इंग्रजी सुधारणं, दहा किलो वजन उतरवणं, सिक्स सिग्माचा (उत्पादनातल्या चुका कमी करण्याच्या पद्धतीचा) कोर्स, मुलाचा अभ्यास घेणं, शेअर बाजार शिकणं आणि रोज दहा पानं वाचन, एवढं यंदा ठरवलं होतं. सहा महिने झाले, एकही धड नाही.

उत्तर : सहापैकी चार गोष्टी तीन महिन्यांसाठी वहीच्या दुसऱ्या पानावर 'थांबवलेलं' म्हणून लिहा. मुलाचा अभ्यास त्यात टाकू नका, ती जबाबदारी आहे, ध्येय नाही. तिला तिची वेगळी वेळ द्या. उरलेल्या पाचांतून अशी एक निवडा, जी झाली की दुसरी सोपी होईल. तुमच्या बाबतीत ते सिक्स सिग्मा दिसतं : त्याचं साहित्य इंग्रजीतच वाचलंत तर इंग्रजीही सुधारेल.

बस ही तुमच्याकडची सर्वांत चांगली वेळ आहे, आणि ती सध्या रील्समध्ये जाते असं तुम्हीच लिहिलं आहे. सकाळच्या फेरीत ४० मिनिटं अभ्यास, संध्याकाळी काही नाही. संध्याकाळी माणूस थकलेला असतो, तिथे अभ्यास टाकला की सकाळचाही मोडतो. हलत्या बसमध्ये फोनवर वाचून डोळे दुखतात, म्हणून आदल्या रात्री चार-पाच पानांची प्रिंट काढून डब्याच्या पिशवीत ठेवा. फोन पिशवीच्या तळाशी, डब्याखाली. अॅड्रियन वॉर्ड आणि सहकाऱ्यांच्या २०१७ मधल्या प्रयोगांत फोन टेबलावर पालथा ठेवलेल्यांपेक्षा तो दुसऱ्या खोलीत ठेवलेल्यांची बौद्धिक चाचण्यांतली कामगिरी चांगली आली होती. बसमध्ये दुसरी खोली नसते, तर निदान हात सहज पोचू नये.

उतरण्याआधी शेवटची दोन मिनिटं पेन्सिलीने समासात लिहा : कुठे थांबलो, आणि उद्या पहिलं वाक्य काय वाचायचं. सोफी लेरॉय यांनी २००९ मध्ये दाखवलं की अर्धवट सोडलेल्या कामात लक्षाचा एक भाग अडकून राहतो आणि पुढच्या कामाला कमी पडतो. परत कुठून सुरू करायचं ते लिहून ठेवलं की मन ते सोडतं. याचा फायदा शॉप फ्लोअरवरही होईल आणि दुसऱ्या दिवशी सुरुवातीची दहा मिनिटंही वाचतील.

वेळेचा अंदाज मात्र दीडपटीहून जास्त धरा. रॉजर ब्यूलर आणि सहकाऱ्यांच्या १९९४ मधल्या अभ्यासात प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांनी सरासरी ३३.९ दिवस लागतील असं सांगितलं होतं, प्रत्यक्षात ५५.५ लागले. कोर्सवाले 'आठ आठवडे' म्हणत असतील तर तुम्ही तेरा धरा. रविवारी पोहे-जिलबी झाली की वीस मिनिटं वही घेऊन बसा : किती पानं ठरली होती, किती झाली, कमी पडली तर नेमक्या कोणत्या दिवशी आणि कशामुळे. दोन आठवडे सलग ६० टक्क्यांहून कमी आली तर पानं कमी करा, वेळ बदलू नका.

प्रश्न : फ्रिज घ्यायचा आहे. दोन महिने झाले, दोघं मिळून रोज रात्री फोनवर तुलना करतो. अजून ठरत नाही.

उत्तर : चार अटी लिहा : बजेट, लिटर, स्वयंपाकघरातल्या जागेची रुंदी, आणि इंदूरमध्ये सर्व्हिस सेंटर आहे की नाही. येत्या शनिवारी दोन दुकानं बघा, चारही अटी पुऱ्या करणारा पहिला फ्रिज घ्या. हर्बर्ट सायमन, ज्यांना १९७८ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यांनी याच पद्धतीचं समर्थन केलं होतं : सर्वोत्तम शोधत बसण्यापेक्षा पुरेसं चांगलं कशाला म्हणायचं ते आधी ठरवा. घरी आणल्यावर त्या मॉडेलची किंमत परत बघायची नाही, दोघांनीही. दाराची रुंदी आधी मोजा. जुन्या वाड्यांतले जिने अरुंद असतात.

प्रश्न : माझी धाकटी जाऊ, वय ३४. पूर्वी घरातले सगळे निर्णय तीच घ्यायची. दोन-तीन महिन्यांपासून भाजी कोणती करू इथपासून अडते, कपाटासमोर अर्धा अर्धा तास उभी राहते, रात्री तीनला जागी असते. घरचे म्हणतात आळस आला आहे. तिला कोणता नियम लावून द्यावा?

उत्तर : वहिनी, वर दिलेलं काहीही तिच्यावर करून बघू नका. आधी निर्णय घेऊ शकणारी व्यक्ती अचानक लहानसहान गोष्टींत अडायला लागली, सोबत झोप मोडते आहे, आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं आहे, तर नैराश्य असू शकतं. निर्णय न घेता येणं हे डॉक्टर नैराश्याचं निदान करताना बघतात त्या लक्षणांपैकी एक आहे. आळशी म्हटल्याने ती आणखी मिटून जाईल.

याच आठवड्यात तिला घेऊन डॉक्टरकडे जा. पहिल्यांदा घरच्या फिजिशियनकडे गेलात तरी चालेल : थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासून घ्या, कारण यांच्या कमी-जास्तीनेही असा थकवा आणि गोंधळ येतो. पण रिपोर्ट चांगले आले म्हणून तिथे थांबू नका, मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घ्या. शासकीय मेडिकल कॉलेजच्या मानसोपचार विभागातही दाखवता येतं. जाताना एका कागदावर लिहून न्या : केव्हापासून, झोप किती तास, जेवण किती, वजन घटलं का, घरात आधी कुणाला असं झालं होतं का, सध्या कोणती औषधं चालू आहेत. तिला हे आठवून सांगणं जड जाईल.

तोवर घरात तिच्यापुढचे पर्याय कमी करा. 'आज काय करायचं?' असं विचारू नका. 'भेंडी चिरतेस का? पोळ्या मी करते' असं म्हणा. आठवड्याच्या भाज्या तुम्हीच लिहून फ्रिजवर लावा. नोकरी, घर, पैसे याबद्दलचा कोणताही मोठा निर्णय तिच्याकडून आत्ता घेऊ नका. ती जगण्याचा कंटाळा आल्याचं बोलली, तर तिला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. टेलि-मानस ही सरकारी हेल्पलाइन १४४१६ या नंबरवर चोवीस तास चालू असते, तिथे तुम्हीही तिच्या वतीने बोलू शकता.